मागची दोन चाकं

लोक दुकानाच्या दारावर लिंबू-मिरच्या टांगतात. माझ्या दारावर वीतभर तांब्याचा पाइप टांगला हाये, मधात चपटा केलेला. तो तुम्ही पाह्यला अन् विचारलं, "मिस्त्री, हे काय?" आता बसा. विचारलं नसतं तं गाडी नीट करून तुम्हाले रस्त्याले लावून दिलं असतं. विचारलं, म्हणून सांगणं आलं, अन् पहिल्यापासून सांगणं आलं. चहा सांगतो. मधातून उठू नका, मले राग येते.

मी अन्वर मिस्त्री. जळगाव जामोदच्या मोटार अड्ड्यामागं हे दुकान माझ्या बापानं टाकलं. पण ही गोष्ट माझी नाही, सत्यभामाबाईची हाये. तिचा नवरा कडूबा डायव्हर होता, नारायणरावाच्या गाडीवर. नारायणराव म्हणजे लाकडाच्या वखारीचा मालक. लय गोड बोलणारा माणूस. मले गोड बोलणाऱ्याचा संताप हाये, आधीच सांगून ठेवतो. शिवी देणारा माणूस निदान काय देऊन राह्यला ते तं समजते.

महाराष्ट्र झाला त्या साली नारायणरावानं लढाईतली जुनी गाडी लिलावात घेतली. हिरवी, मोठ्या नाकाची. सातपुड्यातून सागाचे ओंडके भरून वखारीत आणायचे, हे तिचं काम. कडूबा तिले बैलासारखा जपे. सकाळी निघायच्या आधी तिच्या नाकावरून हात फिरवल्याबिगर बसत नसे. अन् दारूचं म्हणाल तं कडूबा लग्नातल्या पंगतीत बी ताकाच्या पुढं गेला नाही. हे ध्यानात ठेवा.

बासष्ट साली दिवाळीच्या आधी मागच्या दोन्ही चाकांतून ब्रेकचं तेल गळाले लागलं. सामान अकोल्याहून आणणं होतं. मी म्हटलं, दोन दिवस गाडी उभी ठेवा. नारायणराव हसला. म्हणे, "अन्वरभाई, दोन दिवस कायले? मागचं बंद करून दे. पुढची दोन चाकं तं हायेत ना!"

मागचं बंद करणं म्हणजे काय, तं मागच्या चाकांकडे जाणारा पाइप पकडीनं चेपायचा. तेल तिकडे जात नाही, गळत नाही, अन् ब्रेक फक्त पुढच्या दोन चाकांवर लागते. आम्ही सगळे मिस्त्री हे करत होतो. रिकामी गाडी सपाट रस्त्यानं घरापर्यंत नेण्यापुरता तो इलाज हाये. ओंडके भरून डोंगर उतरायचा तो इलाज नाही. हे मले माहीत होतं. पुन्हा सांगतो, मले चांगलं माहीत होतं. पण नारायणराव माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मी गाडीखाली झोपलो, पाइप चेपला, बाहेर आलो.

कडूबाले मी सांगितलं, "भाऊ, मागचे बंद हायेत. सावकाश नेजो." तो हसला अन् म्हणे, "माणूस दोन पायावर चालते ना बे? गाडी काऊन नाही चालणार?"

भैरवाचा उतार तुम्ही येताना पाह्यला असन. वर वळण, खाली नाल्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. त्या दिवशी बाजार होता. फरशीवर माळवं घेऊन दहा-बारा बाया चालल्या होत्या. वरून गाडी सुटली. त्या बायाच मंग सांगत होत्या, डायव्हर हात हालवून ओरडत होता, 'बाजूले व्हा, बाजूले व्हा.' त्या काही बाजूले झाल्या नाही, घाबरून जागीच उभ्या राह्यल्या. तव्हा कडूबानं स्टेअरिंग फिरवलं अन् गाडी खडकावर घातली. बाया वाचल्या. कडूबा जागीच गेला.

पंचनामा व्हायच्या आधी नारायणराव तिथं पोचला होता. अन् पंचनाम्यात सीटखालून दारूची बाटली निघाली. कुठून आली ते वरच्याले माहीत अन् नारायणरावाले. लिहिलं गेलं, डायव्हर पिलेला होता. संध्याकाळी नारायणराव माझ्याकडे आला, खांद्यावर हात ठेवला अन् लय मायेनं बोलला, "अन्वरभाई, पाइप कोणी चेपला? तुझे हात. मी कुठं बोललो नाही हं." तेरी बी चुप, मेरी बी चुप. मी चूप बसलो. एक दिवस नाही, चार वर्षं. त्यानं दुसरी गाडी घेतली, ती बी माझ्याकडेच येत होती. चार वर्षं त्याचा चहा पेलो मी. थू माझ्या तोंडावर.

सत्यभामाबाई त्या दिवसापासून दारुड्याची बायको झाली. तिची एकुलती पोरगी कोकिळा, तिले संग्रामपूरहून स्थळ आलं होतं. पसंती झाली, अन् चार दिवसांनी निरोप आला, दारुड्याच्या घरची पोरगी नको. हा शब्द कडूबाच्या मरणापेक्षा तिले जास्त लागला. मेलेला माणूस आठवण ठेवून जाते, पण इथं आठवणच नासवली होती. बाई रडली नाही. दुसऱ्याचं वावर ठोक्यानं केलं, वांगे-मिरच्या लावल्या, बैलगाडी स्वतः हाकून बाजारात आणू लागली. भाव करणाऱ्याले असं बोले का तो दुसऱ्या खेपेले तोंड वर करत नसे. नारायणरावाच्या घरच्या माणसाले मात्र भाजी देत नव्हती. म्हणे, "तुमच्या पानात माझं माळवं पचणार नाही."

सहासष्टच्या उन्हाळ्यात ती माझ्या दुकानात आली. मी पाना पुसत होतो, तो हातातच राह्यला.

"मिस्त्री, नारायणराव ती गाडी काढून राह्यला म्हणते. मी घेऊन राह्यली."

"कोणती गाडी, वहिनी?"

"माझा माणूस जिच्यात गेला ती. माझी बैलजोडी द्यायची अन् गाडी घ्यायची. तू पाहून सांग."

मी म्हटलं, "वहिनी, डोकं फिरलं का तुमचं? चार वर्षं ती वखारीमागं पडून हाये. तिचं काय करान?"

"मी तुले काय करू ते विचारलं का? पाहून सांग म्हटलं."

गेलो. वखार गावाबाहेर उंचवट्यावर हाये. फाटकातून रस्ता सरळ खाली नाल्याकडे उतरते. गाडी बोरीच्या काट्यात उभी होती. विकायची म्हणून नारायणरावानं टायर चढवून घेतले होते. मी पाह्यलं. इंजनचा ब्लॉक चिरलेला. रेडिएटर फुटलेलं. डावीकडचे कमानपट्टे मोडलेले. गिअर कोणता पडते, कोणता नाही, याचा भरवसा नाही. मंग गाडीखाली झोपलो, अन् पाइप दिसला.

जसा चेपला होता तसाच. माझ्या पकडीचा एक दात तुटलेला होता. त्या तुटक्या दाताची खूण तांब्यावर उमटली होती. चार वर्षांत कोणी हात लावला नव्हता. बाहेर सत्यभामाबाईचे पाय दिसत होते, भेगाळलेले, धुळीनं भरलेले.

बाहेर आलो. म्हटलं, "हे भंगार हाये, वहिनी. वर्षभर हात घातला तरी उठणार नाही. बैल सांभाळा."

"अन् ब्रेक?"

मी कपड्यावरची धूळ झटकू लागलो. "ब्रेक... ठीक हायेत."

तिनं माझ्याकडे पाह्यलं. रागानं नाही. बाजारात वांगं फिरवून कीड पाहतात ना, तसं. "बरं," म्हणे, अन् चालली गेली.

घरी आलो, ताटावर बसलो. माझी बायको जहांआरा. घरी आम्ही आमच्या बोलीत बोलतो, तुम्हाले मराठीत सांगतो. ती म्हणे, "गावात दुसरे दोन मिस्त्री हायेत. तिनं तुलेच काऊन नेलं?" मी म्हटलं, ओळखीचा म्हणून. जहांआरा म्हणे, "चार वर्षं झाली, भैरवाच्या उतारानं तू पायी बी गेला नाही. तुले वाटते हे मलेच दिसते?" अन् ताट उचलून घेऊन गेली.

सौदा ठरला बाजाराच्या दिवशी, वखारीच्या फाटकात. बैलाच्या बदल्यात सौदा, म्हणून मधात दलाल पाहिजे. तो शेषराव, बैलबाजारातला जुना माणूस. बाजाराची निम्मी माणसं तमाशा पाहायले वर आली होती. बाईमाणूस मोटार घेऊन राह्यली, तेही मेलेली मोटार! हसणारे हसत होते. गाडी ढकलून फाटकात आणून ठेवली होती. नारायणराव पांढऱ्या धोतरात, पान खाऊन राह्यला होता.

सत्यभामाबाईनं बैल पुढं केले. म्हणे, "शेषरावदादा, बाजाराचा रिवाज मी पाळते. हा बांड्या, पाण्यात पाय घालत नाही, हाकून घालावं लागते. हा मोऱ्या, डाव्या खुराले उन्हाळ्यात लंगडते. दोन्ही खोडी सांगितल्या. आता जुंपून दाखवते."

बैलगाडीवर धोंडे भरले, चाकं दोरानं बांधली. फिरतं चाक कोणताही बैल ओढते, बांधलेलं ओढलं तं खरा, असा रिवाज हाये. बाईनं नुसती जीभ वाजवली. बैल गुडघ्यावर आले, पण गाडी दहा हात फरफटत नेली. लोकांनी वाहवा केली.

"झालं माझं," ती म्हणे. "आता मालक, तुमच्या गाडीची खोड सांगा."

नारायणराव हसला. "सगळ्यांले माहीतच हाये, वहिनी. इंजन गेलं. पट्टे गेले. मी कुठं लपवून राह्यलो?"

"ब्रेक?"

"ब्रेकले काय धाड भरली? ब्रेक तव्हा बी ठीक होते, आता बी ठीक हायेत. गाडीचा कसूर नव्हता, हे तं सरकारी कागदावर हाये. आता गेलेल्या माणसाबद्दल काय बोलावं?"

"तव्हापासून कोणी हात लावला?"

"कोणीच नाही. जशी आणली तशी उभी हाये."

"ऐकलं ना शेषरावदादा? जसे त्या दिवशी होते तसेच ब्रेक हायेत." बाईनं पदर कमरेले खोचला. "मंग विकणाऱ्यानं जुंपून दाखवावं. इंजनाचं काम नाही, उतार हाये. ब्रेकचं तेल टाका, मागं सागाचे ओंडके भरा, अन् गाडी फाटकातून खाली सोडा. नाल्याच्या काठावर थांबली का बैल तुमचे. मिस्त्री स्टेअरिंगवर बसन, तोच म्हणाला ब्रेक ठीक हायेत. अन् बाजूले मालक बसतीन."

हसणं बंद झालं. तव्हा मले समजलं, हे जाळं दोघांसाठी होतं. नारायणराव अन् मी, एकाच सीटवर.

नारायणराव म्हणे, "हे काय भलतंच! मोटार म्हणजे बैल हाये का?"

शेषराव दलालानं डोक्यावरचं फडकं काढून खांद्यावर टाकलं. "मालक, बदल्यात बैल घ्यायले आले तं रिवाज बी बैलाचाच. बाईनं जुंपून दाखवलं. तुमचे ब्रेक ठीक हायेत तं बसा ना. हातच्या काकणाले आरसा कायले?"

"बसा, बसा!" गर्दीतून आवाज आले. मागं कोणीतरी ओंडके चढवाले बी लागलं होतं. माझ्या हातात तेलाचा डबा कोणी दिला, मले आठवत नाही. मी वाकून तेल टाकलं. नारायणरावाचा दंड धरून दोघा हमालांनी त्याले गाडीपाशी आणलं. पायरीवर पाय ठेवायची वेळ आली अन् त्यानं खालचा उतार पाह्यला. नाक दाबल्याबिगर तोंड उघडत नाही म्हणतात. उघडलं.

"मरायचं हाये का मले?" तो किंचाळला. "मागची दोन चाकं बंद हायेत! अन्वर, काऊन बोलत नाही बे, तूच चेपला ना पाइप!"

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाह्यलं.

"कव्हापासून बंद हायेत, मालक?" सत्यभामाबाईनं विचारलं. हळूच. "तुम्हीच म्हटलं, त्या दिवसापासून कोणी हात लावला नाही."

नारायणरावाचं पान ओठातून धोतरावर गळालं. मी गाडीखाली घुसलो, पाइप कापला अन् बाहेर आणला. खिशातली पकड काढून त्यावर ठेवली. तुटका दात खुणेत बरोबर बसला. मी ओरडून सांगितलं, कारण हळू सांगायची लायकी राह्यली नव्हती. "मी चेपला. त्याच्या सांगण्यावरून चेपला. कडूबा पिलेला नव्हता. मले चार वर्षांपासून माहीत हाये."

ज्या बाया त्या दिवशी फरशीवर होत्या, त्यातल्या मनकर्णाबाई पुढं आल्या अन् नारायणरावाच्या पायापाशी थुंकल्या. शेषराव म्हणे, "खोड लपवली. बाई, बैल घरी ने, गाडी तशीच ओढून ने. कोणी अडवणार नाही."

"नाही," सत्यभामाबाई म्हणे. "बैल त्याले देजा. फुकट नेली तं उद्या म्हणन, विधवेले भीक घातली. माझ्या माणसाची गाडी मी पूर्ण मोल देऊन नेऊन राह्यली." मंग बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. "या मोऱ्याच्या खुराले उन्हाळ्यात तेल लावा, मालक. माणसाले नाही जपलं, जनावराले तरी जपा."

मंग ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, आता चप्पल निघन. निघाली असती तं बरं झालं असतं.

"तुले माहीत होतं, हे मले माहीत होतं," ती म्हणे. "त्या दिवशी सकाळी ते मले सांगून गेले होते, मिस्त्रीनं मागचे बंद केले, आज सावकाश आणीन. दारुड्याच्या बायकोचं कोण ऐकन? चार वर्षं मी वाट पाह्यली, तू एक दिवस येऊन सांगशीन. मंग गाडी दाखवाले नेलं तुले. म्हटलं, खाली झोपला का तरी तोंड उघडशीन. तू म्हणाला, ठीक हायेत."

तिनं गाडीकडे बोट केलं.

"आता ही गाडी तुझ्या दुकानापुढं उभी राहीन. तू तिले नीट करशीन. अन् जो विचारीन, ही कोणाची गाडी, काय झालं होतं, त्याले पहिल्यापासून सांगशीन. नाव न लपवता. तुझं बी."

चौदा महिने लागले. ब्लॉक सांधला, पट्टे बदलले, चारही चाकांचे ब्रेक नवे केले. दर बाजाराले ती यायची, त्या तिकडच्या धोंड्यावर बसायची अन् मी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून राह्यलो का नाही ते ऐकायची. एखादी गोष्ट गाळली तं फक्त एवढंच म्हणे, "फरशीवरच्या बाया राह्यल्या." मी पुन्हा सांगे. गिऱ्हाइकं तुटली. काही परत आली, काही नाही. नारायणरावाच्या दुसऱ्या गाडीवर डायव्हर टिकेना. जो तो म्हणे, "मालक, आधी तुम्ही बसा बाजूले." शेवटी त्यानं वखार पुतण्याले देऊन टाकली. तो देऊळगाव राजाले जाऊन राह्यला. आता गोड बोलाले तिथं नवे लोक सापडले असतीन. कोकिळेचं लग्न झालं. संग्रामपूरचेच ते लोक पुन्हा आले होते. बाईनं त्यांले ओट्यावरूनच वाटेले लावलं अन् पोरगी दुसरीकडे दिली.

गाडी उभी झाली त्या दिवशी सत्यभामाबाई म्हणे, "ओंडके भर. भैरवाच्या उतारानं घे." ती बाजूले बसली. पाच वर्षांनी मी त्या वळणावर आलो. खाली फरशी दिसली. अर्ध्या उतारावर ती म्हणे, "थांबव."

मी पाय दाबला. मागं ओंडके करकरले, अन् गाडी थांबली. चारही चाकांवर, जागच्या जागी.

ती उतरली. खालच्या खडकाले अजून हिरवा रंग लागलेला हाये, तिथपर्यंत चालत गेली. त्यावर हात ठेवून उभी राह्यली. तिथंच रडली, पहिल्यांदा, मोठ्यानं, कोणाची लाज न धरता. परत आली तव्हा मी खाली उतरून उभा होतो. म्हटलं, "वहिनी, मले माफ करा."

"माफ करायले ते पाहिजे होते," ती डोळे पुसून म्हणे. "मी कोण? अन् ते असते तं तुले माफ करायचं कारणच नव्हतं. चल, गाडी काढ."

तो पाइप तिनंच स्वतःच्या हातानं या दारावर टांगला. गाडी आता तिची माळव्याची खेप करते, डायव्हर ठेवला हाये तिनं. मले विचारलं नाही.

चहा थंड झाला तुमचा. तुमच्या गाडीचे ब्रेक पाहून ठेवले, चारही चाकं लागतात. घरी गेल्यावर कोणी विचारलं, गाडी कोणाकडे नीट केली, तं सांगजा, जळगावच्या अन्वरकडे. अन् तो कोण म्हणून विचारलं तं सांगजा, कडूबाच्या गाडीची मागची दोन चाकं ज्यानं बंद केली, तो.